रेणूला तिसरी मिती देणारे शास्त्रज्ञ : याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ



बारावीच्या रसायनशास्त्रात व्हान्ट हॉफ गुणांक नावाची एक राशी येते. तिच्यावरची गणिते आपले विद्यार्थी भराभर सोडवतात, परंतु हे व्हान्ट हॉफ कोण, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळवणारे हे डच शास्त्रज्ञ. ऐन तारुण्यात त्यांनी कागदाचे छोटे छोटे ठोकळे तयार केले आणि युरोपातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना टपालाने पाठवले. आज वर्गातल्या पडद्यावर आपण रेणू फिरताना पाहतो, त्या फिरत्या चित्राची मुळे या कागदी ठोकळ्यांपर्यंत जातात. रेणू स्पष्ट दाखवायचा म्हणजे नेमके काय दाखवायचे, हे त्यांच्या जीवनकार्यातून चांगले कळते. म्हणून या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

प्रथम शब्दांविषयी एक खुलासा. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी पुस्तकांत ज्याला परमाणु म्हणतात, त्याला मराठीत अणू म्हणतात, आणि हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू. आपली मुले दोन्ही भाषांतली पुस्तके वाचतात, त्यामुळे घोटाळा होतो. या लेखात सर्वत्र मराठी अर्थच घ्यावा. अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू तयार होतो.

बालपण व शिक्षण

याकोबस व्हान्ट हॉफ यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५२ रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरी झाला. वडील डॉक्टर होते. सात भावंडांत याकोबस तिसरे. शाळेत असतानाच त्यांना रसायनांच्या प्रयोगांचे वेड लागले. सुटीच्या दिवशी ते शाळेच्या प्रयोगशाळेत चोरून शिरत व प्रयोग करत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट उघडकीस आल्यावर वडिलांनी त्यांना घरातच प्रयोगांसाठी जागा करून दिली. प्रयोग पाहायला येणाऱ्यांकडून हा मुलगा थोडे पैसे घेई आणि त्यातून पुढच्या प्रयोगांसाठी रसायने आणी. (यावरून आमच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत चोरून शिरण्याचा बोध मात्र घेऊ नये.)

निव्वळ रसायनशास्त्रावर पोट भरेल, याची त्या काळी घरच्यांना खात्री वाटत नव्हती. म्हणून १८६९ मध्ये त्यांना डेल्फ्टच्या तंत्रविद्यालयात घालण्यात आले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला. एका सुटीत त्यांनी साखर कारखान्यात काम केले. तेच ते काम करताना आपला जन्म कारखान्यात जाणार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. नंतर त्यांनी लायडन येथे गणिताचा अभ्यास केला, १८७२ मध्ये जर्मनीतील बॉन येथे विख्यात रसायनशास्त्रज्ञ केकुले यांच्याकडे शिक्षण घेतले आणि त्यापुढे पॅरिसमध्ये वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम केले. कवितेची त्यांना मनापासून आवड होती, आणि इंग्रज कवी बायरन हे त्यांचे आवडते कवी होते. गणित, रसायन आणि कविता या तीन गोष्टी एका मुलात एकत्र आल्या, हे पालकांनी लक्षात ठेवावे. मूल विज्ञान शाखेला गेले म्हणून त्याच्या हातची कवितेची पुस्तके काढून घेण्याचे कारण नाही.

सपाट चित्राची अडचण

त्या काळी रेणूंची चित्रे फळ्यावर काढत, तशी सपाटच समजली जात. मधे कार्बनचा अणू, त्याला वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असे चार हात. कार्बनची संयुजा चार आहे, हे केकुले यांनी १८५८ मध्येच मांडले होते. १८६५ मध्ये हॉफमन या शास्त्रज्ञांनी लंडनमधील एका व्याख्यानात क्रोकेच्या खेळातले रंगीत चेंडू सळ्यांनी जोडून रेणूंच्या प्रतिकृती दाखवल्या. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा ही रंगांची रीत तेव्हापासून आजवर चालत आली आहे. परंतु हॉफमन यांच्या प्रतिकृतीही फळ्यावरच्या चित्रासारख्या सपाटच होत्या. १८६७ मध्ये केकुले यांनी कार्बनचे चार हात चार दिशांना असलेली प्रतिकृती तयार केली. मात्र रेणू खरोखरच तसा असतो, असा दावा तेव्हा कोणी पुढे रेटला नव्हता.

आणि एक कोडे समोर उभे होते. दूध आंबले की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होते. दह्याचा आंबटपणा त्याचाच. हेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंतही मिळते. दोन्हींत अणू तेच, तितकेच आणि एकमेकांना जोडलेले त्याच क्रमाने. कागदावर दोघांचे चित्र अगदी एकच येते. तरीही एका विशिष्ट प्रकारचा प्रकाश, ज्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात, त्यांच्या द्रावणांतून सोडला तर स्नायूतले आम्ल तो प्रकाश एका बाजूला वळवते आणि दुधातले वळवत नाही. जर्मन शास्त्रज्ञ विस्लिसेनुस यांनी या दोन आम्लांचा कसून अभ्यास केला आणि फरक अणूंच्या अवकाशातील मांडणीत असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. ती मांडणी नेमकी कशी, हे मात्र सांगायचे राहिले होते.

बावीस वर्षांच्या तरुणाची पुस्तिका

सप्टेंबर १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ यांनी डच भाषेत एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. डझनभर पानांचा मजकूर आणि सोबत आकृत्या, इतकाच तिचा पसारा. तेव्हा त्यांनी नुकतीच बावीस वर्षे पूर्ण केली होती आणि अजून डॉक्टरेटही मिळालेली नव्हती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कार्बनचे चार हात एका पातळीत नसतात. ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. चतुष्फलक म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांचा घनाकार. आपल्या समोशाचा आकार डोळ्यांपुढे आणला तर साधारण कल्पना येईल.

यासाठी त्यांनी दिलेला युक्तिवाद नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा आहे. समजा, कार्बनला दोन हायड्रोजन व दोन क्लोरीन जोडले आहेत. चार हात सपाट चौकोनात असतील, तर दोन क्लोरीन शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर असे दोन प्रकारे बसतील, म्हणजे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. प्रत्यक्षात एकच मिळतो. चतुष्फलकात मात्र प्रत्येक कोपरा उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांचा शेजारीच असतो. तेथे समोरासमोर असा प्रकारच नाही, म्हणून पदार्थही एकच.

आता कार्बनच्या चारही हातांना चार वेगवेगळ्या गोष्टी जोडल्या तर? तर दोन मांडण्या होतात, आणि त्या डाव्या व उजव्या चपलेसारख्या असतात. एक दुसरीचे आरशातले प्रतिबिंब. चामडे तेच, अंगठा तोच, शिलाई तीच, परंतु डावी चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायात नीट बसत नाही. लॅक्टिक आम्लाचे कोडे येथे सुटले. स्नायूतल्या आम्लात एकाच बाजूचे रेणू असतात. दुधातल्या आम्लात दोन्ही बाजूंचे रेणू सारखे मिसळलेले असतात, त्यामुळे एकाने वळवलेला प्रकाश दुसरा पूर्ववत करतो.

पॅरिसच्या त्याच प्रयोगशाळेत काम केलेले फ्रेंच शास्त्रज्ञ ले बेल यांनीही स्वतंत्रपणे विचार करून दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १८७४ मध्ये, असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. म्हणून या शोधाचे श्रेय दोघांनाही दिले जाते.

डिसेंबर १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ यांना उट्रेख्ट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, तीही एका साध्या व रूढ विषयावर. आपली नवी कल्पना त्यांनी प्रबंधात घातली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ती फ्रेंच भाषेत विस्ताराने मांडली. परंतु अवकाशातली गोष्ट कागदावर वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, ही अडचण त्यांना जाणवली. तेव्हा त्यांनी कागदाचे चतुष्फलक तयार केले, ते रंगवले आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पाठवले. ठोकळा हातात घ्यावा, फिरवावा, दुसऱ्याशेजारी ठेवून जुळतो का पाहावा, आणि मग मत बनवावे, अशी ही सोय होती. त्यांतले काही ठोकळे लायडनच्या बोअरहाव्ह संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत.

उपहास आणि उत्तर

डॉक्टरेट मिळाली तरी चांगली नोकरी लगेच मिळाली नाही. १८७६ मध्ये उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय विद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. १८७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद निघाला आणि त्याला स्वतः विस्लिसेनुस यांनी प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी लाइपझिगचे प्राध्यापक कोल्बे यांनी आपल्या नियतकालिकातून या तरुणावर कडाडून हल्ला चढवला. कोल्बे हे त्या काळचे फार मोठे नाव होते. पशुवैद्यकीय विद्यालयात काम करणाऱ्या या माणसाला रीतसर संशोधनाची आवड दिसत नाही, त्यापेक्षा ग्रीक पुराणातल्या पंख असलेल्या घोड्यावर बसून उडणे त्याला सोपे वाटते, आणि हा घोडा बहुधा त्याच विद्यालयातून उसना आणलेला असावा, अशा अर्थाची टिंगल त्यांनी केली.

पंचविशीच्या, पायाखाली अजून भक्कम नोकरी नसलेल्या तरुणासाठी हा प्रसंग साधा नव्हता. एका शब्दाने भवितव्य घडावे किंवा बिघडावे, असा अधिकार कोल्बे यांच्याकडे होता. व्हान्ट हॉफ यांनी भांडण केले नाही. १८७८ मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि पदग्रहणाच्या व्याख्यानासाठी त्यांनी विज्ञानातील कल्पनाशक्ती हाच विषय निवडला. सुमारे दोनशे शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून त्यांनी दाखवून दिले, की त्यांतल्या अनेक थोर संशोधकांना कवितेची, चित्रकलेची किंवा अशाच एखाद्या कलेची ओढ होती. न दिसणारी वस्तू मनात उभी करता येणे हे संशोधकाचे सामर्थ्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. टीकेला उत्तर कसे द्यावे, याचा हा धडा आमच्या मते कोणत्याही नीतिपाठापेक्षा मोलाचा आहे.

काळानेही त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांच्या नियमाने मोजले तर ग्लुकोजच्या कुळातील साखरेच्या रेणूत चार कार्बन असे आहेत, की ज्यांच्या चारही हातांना वेगवेगळे गट आहेत. म्हणजे दोनचा चौथा घात, एकूण १६ प्रकार संभवतात. १८९१ मध्ये एमिल फिशर यांनी याच हिशेबाच्या आधारे ग्लुकोजची रचना उलगडली. १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना शोधली, तेव्हा प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवरच आढळले. अॅलीन नावाच्या कुळातील काही रेणूंना डावे-उजवे रूप असेल, हे त्यांचे १८७५ मधले भाकीत १९३५ मध्ये प्रयोगाने खरे ठरले. साठ वर्षांनी!

पुढील कार्य

अॅमस्टरडॅमच्या काळात त्यांनी रासायनिक क्रियांचा वेग व समतोल यांवर काम केले. १८८४ मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, त्यामागे जो परासरण दाब असतो, तो वायूच्या दाबासारखेच नियम पाळतो, हे त्यांनी दाखवले. व्हान्ट हॉफ गुणांक याच कामातून आला. १८८७ मध्ये ओस्टवाल्ड यांच्यासह त्यांनी भौतिक रसायनशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. १८९६ मध्ये ते बर्लिनला गेले. तेथे आठवड्याला एक व्याख्यान आणि बाकी वेळ संशोधन, अशी व्यवस्था होती. समुद्राच्या पाण्यातून क्षारांचे थर कसे तयार होतात, याचा त्यांनी तेथे अभ्यास केला.

१९०१ मध्ये नोबेल पारितोषिके सुरू झाली आणि रसायनशास्त्राचे पहिले पारितोषिक त्यांना मिळाले. ते मिळाले रासायनिक क्रियांच्या व परासरण दाबाच्या नियमांसाठी. कागदी ठोकळ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळ क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

ठोकळ्यापासून पडद्यापर्यंत

१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सायरस लेविन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रथिनांच्या रेणूंच्या रेषाकृती फिरवून दाखवल्या. सपाट पडद्यावरची आकृती फिरू लागली, की डोळ्यांना तिची खोली जाणवते, हे त्यातून दिसले. आज तीच सोय जेमॉलसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून कोणत्याही शाळेला मिळते.

सोय मिळाली, तरी ती कशी वापरावी हा विवेक मात्र आपला आपल्यालाच बाळगावा लागतो. विद्यार्थी प्रकल्पासाठी स्लाइड तयार करतात, तेव्हा पॉवरपॉइंटमधला स्पिन हा इफेक्ट लावतात. त्याने चित्र पंख्यासारखे जागच्या जागी फिरते, रेणूची मागची बाजू काही दिसत नाही. हालचाल झाली, माहिती शून्य. त्याऐवजी रेणूची त्रिमित आकृती घ्यावी आणि ती उभ्या अक्षाभोवती सावकाश वळवावी. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्यांत त्रिमित आकृतीसाठी टर्नटेबल हा इफेक्ट आहे. तो नसेल तर थोड्या थोड्या कोनातून घेतलेली चित्रे एकामागून एक दाखवली तरी काम होते.

व्हान्ट हॉफ यांच्या ठोकळ्यांनी जे करता येत होते, तेच पडद्यावर करावे, असे आम्ही सुचवतो. पहिले, रेणू वळवून चारही हात दाखवा आणि मध्येच थांबवा. कोणतेही दोन हात घेतले तरी त्यांच्यातला कोन सुमारे १०९.५ अंश असतो, हे थांबलेल्या चित्रावरच समजते. दुसरे, शेजारी आरसा दाखवून प्रतिबिंब तयार करा आणि ते मूळ रेणूवर सरकवून जुळवण्याचा प्रयत्न करा. ते जुळत नाही, हा क्षण मुलांनी डोळ्यांनी पाहायला हवा. तिसरे, एकेरी बंधाभोवती रेणूचा एक भाग फिरवून दाखवा आणि दुहेरी बंध मात्र तसा फिरत नाही, हेही दाखवा. व्हान्ट हॉफ यांनी दोन चतुष्फलक एका कोपऱ्यावर जोडले की फिरतात आणि एका कडेवर जोडले की अडकतात, हे दाखवून मॅलेइक व फ्युमॅरिक आम्लांतला फरक याच रीतीने स्पष्ट केला होता.

एका वेळी एकच गोष्ट हलावी. रंगांचा अर्थ कोपऱ्यात लिहिलेला असावा आणि तो स्लाइडगणिक बदलू नये. उड्या मारत येणारी अक्षरे व आवाज टाळावेत. आणि खरे अणू हे रंगीत चेंडू नसतात, ही समजण्यासाठी केलेली आकृती आहे, हे शिक्षकांनी प्रत्येक वेळी सांगावे.

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. पुदिन्याच्या वासातले आणि आपल्याकडे शहाजिरे म्हणून वापरल्या जाणाऱ्या कॅरवेच्या वासातले प्रमुख द्रव्य एकच, कार्व्होन. फरक फक्त डाव्या-उजव्याचा, आणि आपले नाक तो ओळखते. कंपवातावर दिले जाणारे लेव्होडोपा हे औषधही रेणूचे डावे रूप आहे. त्याचे उजवे रूप उपयोगी पडत नाही. पाठ्यपुस्तकातील सपाट चित्र घोकणाऱ्या मुलाला हा फरक कधीच कळणार नाही, आणि उद्याचे औषधशास्त्रज्ञ व डॉक्टर याच मुलांतून होणार आहेत.

विश्वस्तांना आमची विनंती, की प्रोजेक्टर व संगणक यांवर होणाऱ्या खर्चाचे मोल एका साध्या कसोटीने तपासावे. धडा संपल्यावर पडदा बंद करावा आणि विद्यार्थ्याला कागद द्यावा. त्याला रेणू हाताने करून दाखवता आला, तर खर्च सार्थकी लागला.

विद्यार्थ्यांनो, ही कसोटी तुम्ही घरीही घेऊ शकता. जाड कागदाचा एक मोठा समभुज त्रिकोण कापा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा आणि त्या रेषांवर दुमडून तिन्ही टोके वर एकत्र आणा. चतुष्फलक तयार होईल. चार कोपऱ्यांना चार रंग द्या. दुसरा चतुष्फलक करा आणि त्यात कोणत्याही दोन रंगांची अदलाबदल करा. आता दोन्ही जुळवून पाहा. ते जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत, हे आपल्या आईवडिलांना स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा. इतके जमले, की रेणूचे अॅनिमेशन तयार करायला खुशाल बसा.